पाणी ओसरल्यावर माळा उतरवला
चिपळूणच्या एका पूरग्रस्त घराची ३९ हजारांतली फेरमांडणी

२२ जुलै २०२१ च्या पहाटे वाशिष्ठी आणि शिव या दोन्ही नद्यांचं पाणी चिपळुणात शिरलं. मामा-मामी शेजाऱ्यांच्या गच्चीवर गेले ते दुसऱ्या दिवशीच खाली उतरले. मी पुण्याहून पोचले तेव्हा पाणी जाऊन पाच दिवस झाले होते आणि घराच्या दारात गाळाने भरलेला सोफा आडवा अडकून बसला होता. तो हलेना. शेवटी तिथेच करवतीने कापला आणि आत गेलो.

मी पुण्यात छोट्या फ्लॅटची सजावट करून देते. थोडक्यात, लोकांना नव्या वस्तू घ्यायला लावणं हा माझा धंदा. चिपळूणचं काम धंद्याचं नव्हतं, पण गेल्या काही वर्षांत मला सगळ्यात जास्त शिकवलं ते त्यानेच, म्हणून सविस्तर लिहून ठेवतेय. ‘टाकाऊतून टिकाऊ’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सुतळी गुंडाळलेली बाटली येते. तसलं इथे काही नाही. घरातलं जवळजवळ सगळं सामान गेलेलं, हाताशी चाळीसेक हजार रुपये, आणि घर पुन्हा बसण्याजोगं, जमल्यास बघण्याजोगं करायचं, एवढाच प्रश्न होता.

घर जांभ्याचं, पाऊणशे वर्षांचं. १९९८ साली मामाने कौलं उतरवून स्लॅब टाकली आणि ओटी बंद करून तिचा हॉल केला. एकूण साडेसहाशे चौरस फूट. पाणी आत साडेपाच फुटांवर थांबलं होतं. चारही भिंतींवर तपकिरी रेघ, पाणसळ लावून मारावी इतकी सरळ. तिच्या वरचा रंग तसाच पिस्ता, खालचा चिखलाचा.

काय गेलं, काय राहिलं

गेलं ते बहुतेक २०१४ चं होतं. हॉलभर पसरलेली शोकेस, टीव्हीचं युनिट, दोन कपाटं, बॉक्सचा पलंग, जेवणाचं टेबल. मामाने हप्त्यांवर केलेलं, वरून चकचकीत सनमायका. पाण्यात दीड दिवस राहिल्यावर शोकेसचं तळकट बोटाने खरवडता येत होतं, भिजलेल्या खारीसारखं. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा भुगा आणि राळ दाबून केलेला तक्ता. तो एकदा फुगला की पुन्हा बसत नाही. साधं प्लायवुड ओलावा सोसतं, बुडणं सोसत नाही. आयएस ७१० शिक्क्याचं मरीन प्लाय टिकलं असतं कदाचित, पण घरगुती शोकेसला ते कोण वापरतं? आणि वापरलं तरी एक अडचण राहतेच. हे सगळं फर्निचर गोंद आणि खिळ्यांनी कायमचं जखडलेलं असतं. एक फळी बिघडली की ती सोडवताना शेजारच्या दोन फुटतात.

पाण्यातून वाचलेल्या वस्तू दोनच प्रकारच्या होत्या: आजीचं सागवानी कपाट आणि जेवणाच्या चार वेताच्या खुर्च्या. खुर्च्यांचा वेत सडला होता, सांगाडे शाबूत. कपाटाची मागची बाजू नंतर कधीतरी प्लायने बदलली होती, ती पुरीसारखी फुगली. बाकी कपाट उभं. मेस्त्रींनी सांध्यावर टकटक करून ऐकलं आणि म्हणाले, “ह्यात खिळा नाय. लाकडात लाकूड बसवलंय नि वरून खुंटी मारलेय. खुंटी काढली की अख्खं उकलतं.”

त्या दिवसापासून जुनी वस्तू घेताना मी ती दिसते कशी हे नंतर बघते. आधी उलटी करून ती उकलता येईल का ते बघते. जे उकलतं ते धुता येतं, सुकवता येतं, त्याचा एक पाय बदलता येतो, त्यातून दुसरं काही करता येतं. जे उकलत नाही ते एकतर आहे तसं घ्यायचं नाहीतर टाकायचं.

मग माळा आला. माजघर आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या बोळावर, सात फुटांवर, सिमेंटचा माळा होता. घरातली कोरडी राहिलेली एकमेव जागा. तिथे काय होतं? १९९८ साली ‘आता नवीन घर’ म्हणून वर ढकललेलं सगळं. ओटीवरच्या झोपाळ्याची साडेपाच फुटी सागवानी फळी आणि पितळी कड्या. तांब्याचा पाण्याचा बंब. फणसाच्या लाकडाची पेटी. पत्र्याच्या दोन ट्रंका. चिनीमातीच्या सात बरण्या, पैकी दोन चिरलेल्या. घडवंची. एक मोडका पाट, आणि का ठेवला होता कोण जाणे, पण कंदिलाचा सांगाडा. तेवीस वर्षं ज्याला मामी अडगळ म्हणत होती ते वर कोरडं, आणि ती वर टाकून ज्याला जागा करून दिली ते खाली चिखलात. मी हे बोलून दाखवलं नाही. मामीने मात्र माळ्याकडे बघून एकदा “बघ हो,” एवढंच म्हटलं.

पहिले तीन महिने: नुसतं सुकवणं

इथे घाई केली असती तर सगळं बिघडलं असतं. पुराच्या पाण्यात गटारं मिसळलेली असतात. गाद्या, उशा, सोफ्याचा फोम असलं मऊ सामान धुऊन वापरायचा मोह आवरला आणि सगळं फेकलं. लेप्टोची (पुराच्या घाण पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाची) भीती होती, म्हणून गमबूट आणि हातमोज्यांशिवाय कोणी गाळाला हात लावला नाही. लाकडी सामान मात्र गाळ ओला असतानाच पाइपने धुतलं. गाळ सांध्यात वाळला की बारीक वाळूसारखा लाकूड घासत राहतो.

कपाटाचे खण फुगून अडकले होते. समोरून मूठ धरून ओढलं असतं तर मूठ हातात आली असती. मेस्त्रींनी मागचं फुगलेलं प्लाय काढून टाकलं आणि खणांना मागून, कापडात गुंडाळलेल्या लाकडी हातोड्याने हलकेच ठोकलं. एकेक खण इंच इंच पुढे सरकत बाहेर आला. तिसऱ्यात मामीच्या लग्नाची पत्रिका होती, लगद्यासारखी.

सुकवायचं सावलीत. उन्हात ठेवलं तर वरचा थर आधी आकसतो, आतला ओला राहतो, आणि फळी वाकते किंवा चिरते. श्रावणात कोकणात ऊन तरी कुठे असतं म्हणा. आम्ही सगळं पडवीत, जमिनीपासून विटांवर उचलून, भिंतीपासून हातभर लांब मांडलं. बुरशी आली की साबणाच्या पाण्याने पुसायची, पंखा लावायचा.

पण सुकलं हे कळणार कसं? ओलावा मोजायचं यंत्र माझ्याकडे नव्हतं. मामाकडे आंबे तोलायचा लटकता काटा होता. दर रविवारी एकेक खुर्ची काट्याला टांगायची आणि वजन खडूने बैठकीच्या आतल्या पट्टीवर लिहायचं. पहिल्या रविवारी पहिली खुर्ची ५ किलो २०० ग्रॅम भरली. मग ४ किलो ९००, ४ किलो ७००. सप्टेंबरात पाऊस वाढला तेव्हा एकदा वजन उलटं वाढलं. लागोपाठ तीन रविवार काटा ४ किलो ३०० वर थांबला तेव्हा दिवाळी तोंडावर आली होती. लाकडाला हात लावायचा तो तेव्हा. मला विचाराल तर या सगळ्या कामात फुकटात मिळालेली सगळ्यात मोलाची गोष्ट तो काटा.

गणपतीचे पाच दिवस

मधे १० सप्टेंबरला गणेशचतुर्थी आली. कोकणात घर पडकं असलं तरी गणपती चुकत नाही. हॉलमध्ये बसायला एक खुर्ची नव्हती. मामी म्हणाली, “अगो, भाड्याच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या नि टेबल आणू. त्यावर चादर टाकू.”

मी माळ्यावरची फणसाची पेटी खाली आणली. ओल्या फडक्याने पुसली. तेवीस वर्षांची धूळ गेल्यावर खालून हळदीसारखा पिवळा रंग आला. फणसाचं लाकूड नवं असताना पिवळंधमक असतं, मग मुरत तांबूस होत जातं, आणि ही पेटी अंधारात पडून असल्याने पुष्कळ पिवळी राहिली होती. पेटीवर पाट, पाटावर मूर्ती. झोपाळ्याची फळी दोन ट्रंकांवर आडवी टाकली, ती आल्यागेल्यांना बसायला. मागच्या भिंतीवरचा डाग झाकायला मामीच्या चिखलाने खराब झालेल्या साड्यांतली एक हिरवी सुती धुऊन टांगली. काठ वर, डाग खाली दुमडून. बस.

आणि आलेला प्रत्येक माणूस फळीवर हात फिरवून विचारायला लागला, “ही कुठली हो? आमच्याकडे पण होती. विकली.” पुराने सगळ्यांचीच घरं सपाट केली होती, त्यामुळे तेव्हा कोणी कोणाला हिणवण्याच्या मनःस्थितीत नव्हतं हेही खरं. पण मामीचा सूर बदलला तो इथेच. तोवर तिचं म्हणणं एकच होतं की “पुरात बुडाले म्हणून भंगारात राहतात असं कोणी म्हणायला नको.” ही भीती हसण्यावारी न्यायची नाही. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये जुनं दार आडवं टाकून केलेलं टेबल म्हणजे हौस असते, कारण तिथे नवं घेण्याची ऐपत आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. पूर आलेल्या घरात तेच टेबल नाइलाज दिसू शकतं. म्हणून आम्ही एक अट घातली. घरात आलेली प्रत्येक जुनी वस्तू पूर्ण, स्वच्छ आणि कामाची दिसली पाहिजे. मुद्दाम ओरबाडलेला, मोडका ‘लूक’ नको.

दिवाळीनंतर

मेस्त्री चौदा दिवस आले. मामाने आणखी एक अट घातली, आणि ती माझ्या सगळ्या आराखड्यांपेक्षा शहाणी होती. घरातली कुठलीही वस्तू दोन माणसांना उचलून माळ्यावर किंवा स्लॅबवर नेता आली पाहिजे, नाहीतर ती उकलून नेता आली पाहिजे. भिंतीत ठोकून बसवलेलं काही नको.

भिंतींपासून सुरुवात केली. जांभ्यात मुरलेलं पाणी महिनोन् महिने बाहेर येत राहतं. त्यावर प्लॅस्टिक पेंट मारला तर मागून ओल दाबते, पापुद्रे सुटतात. चुन्यातून भिंत श्वास घेते, आणि चुना स्वस्त आहे. वरच्या भागाला चुन्यात चिमूटभर नीळ घालून दोन हात दिले. खाली काय करायचं यावर आमचं अडलं. मला ती पाण्याची रेघ ठेवायची होती. एखाद्या कोपऱ्यात, चौकटीत, आठवण म्हणून. मामी म्हणाली, “मला रोज उठून ती बघायची नाही.” विषय संपला. मग जुनी कोकणी रीत उपयोगी पडली. भिंतीच्या पायथ्याला काव म्हणजे तांबड्या मातीचा पट्टा मारायची. देवळांच्या भिंतींवर चुना आणि काव यांच्या जोरावर अख्खी कावी कला उभी राहिली, आपण नुसता पट्टा मारतो. एरवी तो दोन-अडीच फुटांचा असतो. आम्ही तो पुराच्या रेघेच्या चार बोटं वर नेला. येणाऱ्याला वाटतं, काय छान उंच तांबडी भिंत! ती तेवढी उंच का, हे घरातल्यांना माहीत आहे.

कपाटाला नवी पाठ लावली नाही. दारंही काढली, ती पलंगाच्या डोक्याशी उभी केली. पाठ आणि दारं नसलेलं कपाट म्हणजे आरपार मांडणी. ती हॉल आणि माजघर यांच्यामध्ये आडवी उभी केली. दोन खोल्या वेगळ्या झाल्या, माजघरात पहिल्यांदा पुढच्या खिडकीचा उजेड गेला. खालची एक पट्टी कुजली होती, तिथे शेजारच्या पाडलेल्या घराचा सागवानी रीप तासून बसवला. पट्टीचा रंग वेगळा दिसतो. मेस्त्री पॉलिशमध्ये रंग मिसळून एकसारखं करायला तयार होते, मीच थांबवलं. अख्ख्या घरात माझी म्हणावी अशी हौस तेवढीच.

खुर्च्यांना पुन्हा वेत विणायला माणूस मिळेना, मिळाला त्याचा दर परवडेना. खाटेची सुती नवार आणली. सांगाड्यावर उभी ताणून मागे खिळपट्टीत धरायची, मग आडवी एक खाली एक वर. पहिली खुर्ची मी विणली, चार दिवसांत तिचा झोळ झाला. नवार आधी पाण्यात भिजवून, वाळवून, आकसू द्यायची असते आणि विणताना दोघांनी ओढायची असते. दुसऱ्यापासून मामाने ओढलं, मी ठोकलं. आता तीन खुर्च्या घट्ट आहेत, पहिली अजून थोडी झोळ देते. मामा मुद्दाम तीच घेतो, दुपारी पेंगायला.

झोपाळा जुन्या जागीच लावला. स्लॅबच्या तुळईत मामाने तेव्हा हौसेने दोन कड्या ठेवून घेतल्या होत्या, त्यावर रंगाचे थर चढले होते. मेस्त्री आधी त्या कड्यांना सिमेंटच्या गोण्या बांधून एक दिवस लोंबत ठेवून गेले. जुनी कडी, जुना हूक, जुनी साखळी यांवर माणूस बसवायच्या आधी दुप्पट वजन टांगून बघायचंच. फळी घासून तिला जवसाचं तेल दिलं, तीन हात, प्रत्येक हातात दोन दिवसांचं अंतर. इथे एक सांगून ठेवते, कारण हे बहुतेकांना माहीत नसतं. जवसाच्या तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकायची नाहीत. ती सुकताना आपोआप तापतात आणि पेटू शकतात. पसरून वाळवायची किंवा पाण्याच्या बादलीत टाकायची.

बंबाचं काय करायचं यावर तीन मतं होती. मला त्याचा दिवा करायचा होता. मामाला त्यात पाणी तापवायचं होतं. मामीला तो मोडीत द्यायचा होता, तांब्याला भाव आहे म्हणून. तोडगा सापडला तो बंबाच्या पोटातच. बंब म्हणजे नुसतं पिंप नसतं. मधोमध आरपार नळी असते, तीत वरून ढलप्या-कोळसे टाकायचे, खाली जाळी, जाळीतून राख पडते, आणि पाणी असतं ते नळीच्या भोवती. म्हणजे मधली नळी ही छत्र्या उभ्या करायला तयार जागा! दारात बंब ठेवला, नळीत तीन लांब छत्र्या मावतात, त्यांचं पाणी जाळीतून खालच्या थाळ्यात पडतं. एक छिद्र पाडलं नाही, एक टाका घातला नाही. मामाला कधी पाणी तापवायचं झालंच तर छत्र्या काढायच्या. चिंचेच्या कोळाने घासून तो असा लखलखला की पोस्टमनने पहिल्यांदा त्याच्यात स्वतःचा भांग पाहिला.

शेजारच्या पाडलेल्या कौलारू घराची एक खिडकी, गजांसकट, आम्ही विकत घेतली. एका झडपेत आरसा बसवून ती माजघरात, पुढच्या उजेडाच्या समोर टेकवून ठेवली. खिडकीवर जुना हिरवा ऑइलपेंट होता. तो कोरडा घासायचा नव्हता. भारतात घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा लागू झाली ती नोव्हेंबर २०१७ पासून, त्याआधीच्या, विशेषतः पिवळ्या-हिरव्या-लाल रंगात शिसं असण्याची शक्यता धरूनच चालायचं. घरात लहान मूल येतं-जातं. म्हणून रंग पाण्याने ओला ठेवून, मास्क लावून, अंगणात ताडपत्रीवर खरवडला आणि खरवड पिशवीत बांधून दिली. सगळा निघालाही नाही. राहिला त्यावर नवा पॉलिशचा थर देऊन तो बंद केला.

खराब साड्या अकरा होत्या. रेशमी तीन टाकल्या, रंग एकमेकींत उतरले होते. सुती आठ, त्यांतली गणपतीत टांगलेली हिरवी आता पडदा आहे, बाकीच्यांच्या दोन गोधड्या झाल्या. गल्लीतल्या दोघींनी शिवल्या. डाग पडलेला भाग आतल्या थरात गेला. एक गोधडी झोपाळ्यावर, एक पलंगावर. या घरातला रंग म्हणजे त्या दोन गोधड्या. बाकी सगळं तांबडं, पांढरं आणि लाकडी.

फसलं ते

सोफ्याऐवजी माल ठेवायच्या लाकडी पॅलेटची बैठक करायची, हे मी पुण्याहून ठरवूनच आले होते. स्वस्त, झटपट, सगळीकडे फोटो. एका भंगारवाल्याकडून सहा पॅलेट आणले, १२०० रुपये. पॅलेटवर ‘एचटी’ शिक्का म्हणजे लाकूड उष्णता देऊन निर्जंतुक केलेलं, ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, आणि ‘एमबी’ घरात घ्यायचं नाही, एवढं मला ठाऊक होतं. सगळ्यांवर ‘एचटी’ होतं. मी खूश. मामीने दारातच नाक मुरडलं. “कसला वास येतोय गो हा?” दोघांवर निळसर डाग होते. चिपळूणपासून जवळ लोटे परशुरामच्या पट्ट्यात रसायनांचे कारखाने आहेत, पॅलेट तिथून फिरून आले असतील किंवा नसतील. शिक्का सांगतो ते लाकडावर सुरुवातीला काय प्रक्रिया झाली एवढंच. नंतर त्यावर काय सांडलं ते शिक्का सांगत नाही. अन्नाच्या मालाचे, ओळखीच्या गोदामातून थेट आलेले पॅलेट असतील तर गोष्ट वेगळी. आम्ही सहाही टाकले. बैठकीसाठी शेवटी दोन ट्रंका आणि घडवंची यांवर फोमची गादी केली.

कौलं हा दुसरा फसलेला बेत. पाडलेल्या घराची कौलं फुकट मिळत होती, पाठीवर कारखान्याचे ठसे असलेली, देखणी. मी चार कौलांच्या दिव्यामागच्या झडपा करून हॉलमध्ये लावल्या. फोटोत उत्तम दिसत. आठवड्याने मामीने त्या उतरवल्या. “कौल छपरावर असतं. भिंतीला टांगलं की घर कोसळल्यासारखं वाटतं.” या घरावर तिने तेवीस वर्षांपूर्वी कौलं उतरताना पाहिली होती, मी नाही. कौलं आता परसात अळूच्या वाफ्याची कड धरून उभी आहेत.

आणि एक उशिरा कळलेली चूक. खिडकीच्या चौकटीत डाव्या बाजूला फिकट रंगाची, सालीकडची पट्टी होती. साग टिकतो तो गाभ्याचा. सालीजवळचा पांढुरका भाग किडा आवडीने खातो. दुसऱ्या वर्षी चौकटीखाली पिठासारखी भुकटी दिसायला लागली. पट्टी उकलून काढली, जाळली, दुसरी बसवली. गाभ्याच्या लाकडाला काही झालं नव्हतं. घेतानाच नखाने दाबून बघितलं असतं तर कळलं असतं.

हिशेब

मेस्त्रींचे चौदा रोज १२,६०० आणि मदतनिसाचे सहा ३,०००. खिळे-स्क्रू, पॉलिश, तेल, काचपेपर असं मिळून ४,३५०. चुना, काव, नीळ आणि रंगाऱ्याची मजुरी ५,२००. नवार २,१४०. आरसा १,४५०, खिडकी आणि रीप १,८००. फोम आणि खोळी ३,९००, गोधड्यांची शिलाई १,८००, टेम्पो १,६००. पॅलेटचे बुडालेले १,२००. एकूण ३९,०४०. विजेचं काम यात नाही. ते पूर्ण नव्याने आणि परवानाधारक वायरमनकडूनच करून घेतलं, त्यात काटकसर केली नाही. माझी मजुरीही नाही, भाचीची कोण धरतो.

तुलनेसाठी दुकानातून दर काढले होते. सोफा, शोकेस, दोन कपाटं, जेवणाचं टेबल-खुर्च्या मिळून १ लाख ३५ हजार. पण तुलना पुरती प्रामाणिक नाही. आमच्याकडे माळा होता. ज्याच्याकडे आजीचं कपाट आणि झोपाळ्याची फळी नाही, त्याला ३९ हजारांत हे होणार नाही. निम्मी किंमत आधीच्या दोन पिढ्यांनी भरली होती. दुसरं, वेळ. जुलैत गेलेलं घर डिसेंबरात उभं राहिलं. मधले महिने मामा-मामी चटईवर झोपले.

साठवणीची जागाही कमी झाली. शोकेसमध्ये जे मावत होतं ते मावत नाही, आणि सगळंच घेऊन बसण्यापेक्षा मामीने बरंचसं वाटून टाकलं. बरण्यांपैकी पाच पुन्हा लोणच्याच्या कामाला गेल्या. चिरलेल्या दोनांत आंबट-खारट ठेवायचं नसतं, चिरेत मुरतं. त्यांत एकीत पळ्या-डाव आहेत आणि एकीत मनीप्लँट. कंदिलाचा सांगाडा परत माळ्यावर गेला. त्याचं काय करायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

नंतरच्या पावसाळ्यांत दोनदा, रात्री पाण्याची धास्ती वाटली म्हणून, मामा-मामी आणि शेजारचा मुलगा यांनी घर वर चढवलं. पहिल्यांदा सव्वा तास लागला, दुसऱ्यांदा पन्नास मिनिटं. मांडणीच्या खुंट्या मेस्त्रींनी मुद्दाम ढिल्या ठेवल्यात, हातोडीचा एक दणका पुरतो. झोपाळ्याची फळी कड्यांच्या वरच्या आकड्यात अडकवली की छताखाली दीड फुटावर जाते, तिच्यावर गोधड्या, ट्रंकांतलं सामान, देव. बंब तेवढा खाली राहतो. पाणी दोन्ही वेळा आलं नाही.

दुसऱ्या वेळी खुर्च्या माळ्यावर उलट्या रचताना शेजारच्या त्या मुलाला बैठकीच्या आतले खडूचे आकडे दिसले. त्याने विचारलं, हे कसले हिशेब? मामी दाराशी टॉर्च धरून उभी होती. म्हणाली, “खुर्ची बरी होत होती, त्याचे. आधी तू वर चढव.”